फुटरमधले ब्रँड आयकॉन एकसारखे दिसंनात, सगळे सोनेरी करू का?

पैठणचा_पोरगा:
रामराम मंडळी. पैठणच्या एका पैठणीच्या दुकानाची वेबसाईट करायलोय, मालक ओळखीतलेच काका हायेत. साईट वांगी रंगाची, काठाला जरी. फुटरला, म्हणजे पानाच्या तळच्या पट्टीत, व्हॉट्सॲप, इन्स्टा, फेसबुक, यूट्यूब टाकले तर एक हिरवा, एक निळा, एक लाल, त्यात फेसबुकचा कुठूनतरी उचललेला पीएनजी मोबाईलवर फाटायलाय. काका म्हणायलेत सगळे सोनेरी कर, जरीला मॅच होतील. मला पटंना पण का ते सांगता येईना.

लातूरची_डिझायनर:
सोनेरी नको करू भाऊ. यूट्यूबवाले त्यांचा आयकॉन लाल, काळपट नाहीतर पांढरा एवढाच चालवून घेतात, व्हॉट्सॲपचं पण हिरवा, पांढरा, काळा असंच. प्रत्येक कंपनीच्या ब्रँडच्या पानावर हे लिहिलेलं असतं, आयकॉन पण तिथूनच घे. चौघांनाही चालणारा म्हणजे पांढरा, आणि वांगीवर तो किती छान उठतो बघ. काकांना जरी पाहिजे तर फुटरच्या वर सोनेरी काठ दे ना, तो तर त्यांचा स्वतःचाय, त्याला कोण नाही म्हणणार.

जालना_कोडर:
पीएनजी म्हणजे ठिपक्यांचं चित्र, ते काढ, एसव्हीजी घे, ते रेषांचं असतं, लहानमोठं केलं तरी फाटत नाही. चारही आयकॉनला 24 पिक्सेलचा सारखाच डबा दे पण तेवढ्यानं काम होत नाही, यूट्यूबचा आडवा असल्यामुळं बारका दिसतो आणि इन्स्टाचा चौकोन डबा भरून टाकतो म्हणून मोठा वाटतो, तर इन्स्टा एक-दोन पिक्सेलनं कमी कर आणि लांबून बघ. आकार ताणायचा नाही, सगळा मिळून लहानमोठा करायचा. बोट लागायला भोवती जागा सोड, 44 पिक्सेल तरी. आणि सगळे एकाच फाईलीत ठेव राव! 2023 च्या जुलैत ट्विटरचं एक्स झालं तवा मी सात साईटींच्या पानापानात जाऊन चिमणी काढत बसलो होतो, दोन दिवस गेले.

बीडकर_ताई:
फुटरचं पांढरं ठीकय, पण साडीच्या फोटोखालचं ऑर्डरचं व्हॉट्सॲप बटन हिरवंच ठेवा. आमच्या आत्या अक्षरं वाचत नाहीत, हिरवा फोन दिसला की दाबतात.

पैठणचा_पोरगा:
ताई हे ध्यानातच नव्हतं आलं. हिरवं तिथं, पांढरे खाली. उद्या दुकानात जाऊन काकांना मोबाईलवर दोन्ही दाखवतो, काठासकट.