सफर, अंडरगो की एंड्युअर?

प्रश्न : 'त्यांच्यावर शस्त्रक्रिया झाली' याचं इंग्रजी मी 'सफर्ड अ सर्जरी' असं केलं, तर ते खोडून 'अंडरवेंट' करून आलं. शस्त्रक्रियेत माणूस कमी सोसतो का?

उत्तर : सोसतो, पण 'सफर' (सहलीची नव्हे!) दुखण्यापेक्षा नुकसान मोजतं. पराभव, तोटा, हार्ट अटॅक, म्हणजे मुळातच वाईट असं काही ओढवलं की 'सफर'. शस्त्रक्रिया बरं होण्यासाठी करतात. ठरलेल्या क्रमाने पार पडणारी, बहुधा दुसऱ्याने केलेली प्रक्रिया असली की 'अंडरगो' : तपासणी, प्रशिक्षण, दुरुस्ती. पूलसुद्धा दुरुस्ती 'अंडरगो' करतो, त्याला काही दुखत नाही. घोळ होतो तो मराठीमुळे. आपण 'त्यांच्यावर झाली' म्हणून मोकळे होतो, माणूस वाक्याचा कर्ता होतच नाही. बातम्यांमधलं 'शस्त्रक्रियेला सामोरे गेले' मला तरी इंग्रजीची सावली वाटते.

आणखी एक. हार्ट अटॅक नुसता 'सफर' करतात, पण मधुमेहाला 'सफर फ्रॉम' लागतं. एकदा घडून गेलेली घटना आणि अंगात मुरलेला आजार, असा हा फरक आहे.

प्रश्न : आणि 'एंड्युअर'?

उत्तर : त्यात काळ आहे. मूळ लॅटिन 'ड्यूरस', म्हणजे टणक. म्हणून मैत्री 'एंड्युअर' झाली म्हणजे टिकली. टाकीचे घाव सोसणारा दगड 'एंड्युअर' करतो. पहिल्याच घावाला फुटला, तर नाही.

प्रश्न : 'टॉलरेट' आणि 'बेअर' एकच ना?

उत्तर : नाही. 'टॉलरेट' म्हणजे खपवून घेणं, आणि खपवून सहसा तोच घेतो ज्याला ते थांबवता येतं. 'उशीर खपवून घेणार नाही' हे साहेब म्हणतो. साहेबाचा चिडका स्वभाव हाताखालचे 'पुट अप विथ' करतात, चालवून घेतात. (औषध अंगाला मानवतं, तो 'टॉलरेट' निराळा.)

'बेअर' हा संस्कृत 'भृ' धातूचा नातलग, आपला 'भार' त्याच घरातला. बोलण्यात 'बेअर' आणि 'स्टँड' बहुतेक नकारात येतात, आणि तिथे मराठीची जोडी चपखल बसते : 'कान्ट बेअर' म्हणजे साहवत नाही, बघवत नाही. इथे 'मी सहन करू शकत नाही' असं लिहू नका, फार पुस्तकी वाटतं.

प्रश्न : 'भोगणं' राहिलंच.

उत्तर : तिथे मीही अडतो. केल्याची फळं भोगायची असतील तर 'सफर द कॉन्सिक्वेन्सेस' चालून जातं. पण सुखही भोगायचं आणि शिक्षाही, हे दोन्ही पेलणारं एकच क्रियापद इंग्रजीत मला सापडलेलं नाही.