स्पीकरच्या खोक्यातील सुतारकामाचे दोष दुरुस्त करण्यासाठी मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

घरासाठी मी साडेसहा इंची वूफर (खालचे, जाड स्वर वाजवणारा स्पीकर) आणि एक इंची ट्वीटर (वरचे, बारीक स्वर वाजवणारा स्पीकर) वापरून स्पीकरची जोडी तयार करत आहे. वूफर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आणले. खोकी 18 मिमी एमडीएफची (लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळीची) असून आतली मापे 200 × 300 × 250 मिमी, म्हणजे 15 लिटर आहेत, आणि पोर्ट (खोक्यातली हवा आत-बाहेर जाण्याची नळी) मागच्या बाजूला आहे. फळ्यांची कापणी आणि जोडणी ओळखीच्या सुतारकामाच्या दुकानातून करून घेतली. एक खोके चोख झाले आहे. दुसऱ्यात मात्र काही दोष राहिले आहेत आणि सरस पूर्ण वाळल्यामुळे ते आता उकलता येत नाही.

सर्वांत मोठी अडचण वूफरच्या छिद्राची आहे. त्याचा व्यास 146 मिमी हवा होता, तो 152 मिमी झाला आहे. वूफरच्या स्क्रूंची भोके 156 मिमी व्यासाच्या वर्तुळावर येतात, त्यामुळे स्क्रूच्या मध्यापासून छिद्राच्या कडेपर्यंत जेमतेम 2 मिमी एमडीएफ उरते आणि स्क्रू आवळताच ते तुटते. समोरच्या फळीवर सागवानी विनियर (लाकडाचा पातळ थर) आधीच चढवले असल्याने पुढून काहीही करण्याची माझी तयारी नाही.

दुसरे असे की, तळाची फळी काटकोनात कापली गेली नाही. तिचा जोड एका टोकाला घट्ट बसला आहे, पण दुसऱ्या टोकाकडे फट वाढत जाऊन दीड मिमी होते. आत टॉर्च लावला की उजेडाची बारीक रेघ दिसते. मागच्या फळीचे स्क्रू आधी भोक न पाडता थेट बाजूच्या फळ्यांच्या कडेत पिळल्यामुळे तिथे एमडीएफ फुगून पापुद्रे सुटले आहेत. शिवाय आतली खोली 250 ऐवजी 246 मिमी भरली आहे.

यांपैकी कोणत्या दोषाचा आवाजावर खरोखर परिणाम होईल आणि कोणती दुरुस्ती टिकाऊ ठरेल, हे जाणकारांनी कृपया सांगावे. हे खोके टाकून न देता नीट उभे राहावे, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

प्रतिसाद 1

खोलीची काळजी सोडून द्या. 4 मिमी कमी म्हणजे 0.24 लिटर, अर्थात दीड टक्क्याच्या आसपास. पोर्टची वारंवारता (ज्या खालच्या स्वराला पोर्ट साथ देतो ती) 45 हर्ट्झ धरली असेल तर ती अर्ध्या हर्ट्झनेही सरकणार नाही. वूफरच्या छिद्राकडे आणि फटीकडे मात्र लक्ष द्यायलाच हवे.

छिद्रासाठी 12 मिमी प्लायचे एक कडे कापून घ्या, आतला व्यास 146 आणि बाहेरचा 190 मिमी. ते अखंड असताना छिद्रातून आत जाणार नाही, म्हणून त्याचे दोन अर्धे करा. प्रत्येक अर्धे लांबीच्या बाजूने सहज आत जाते आणि आत वळवून फळीच्या पाठीला लावता येते. सरस लावून छिद्रातूनच शिकंजे (क्लॅम्प) आवळा, पण विनियरवर वळ उठू नये म्हणून जबड्याखाली प्लायचा सपाट तुकडा ठेवा. स्क्रूची पकड आता प्लायमध्ये येईल, त्यामुळे 35 मिमी लांबीचे स्क्रू घ्या आणि आधी अडीच मिमीचे भोक पाडा. फळी आणि कडे मिळून जाडी 30 मिमी होते व वूफरच्या पाठीमागे हवेला वाट अरुंद होते. म्हणून स्क्रूंच्या जागा सोडून मधल्या भागात कड्याची मागची कड 45 अंशांत तासावी. हे तासणे कडे चिकटवण्यापूर्वीच उरकावे, नंतर आत हात चालत नाही.

फटीत नुसता फेव्हिकॉल भरू नये. त्यातले पाणी उडाले की तो आकसतो आणि फट पुन्हा उघडते. सागाची पातळ पट्टी रंध्याने निमुळती करून, सरस लावून पाचरीसारखी हलकेच ठोकावी आणि वाळल्यावर पटाशीने समतल करावी. आतून त्याच जोडावर एपॉक्सीत बारीक भुसा कालवून, श्रीखंडाइतके दाट करून, बोटभर रुंद लेप द्यावा. सिलिकॉन वापरायचे झाल्यास व्हिनेगरसारखा वास येणारे टाळावे. त्यातून ॲसिटिक आम्ल सुटते आणि वूफरच्या धातूच्या भागांना ते मानवत नाही.

प्रतिसाद 2

वरील सल्ला योग्य आहे. सुटलेल्या पापुद्र्यांबद्दल सांगतो: स्क्रू काढून भेगेत पातळ केलेला सरस सिरिंजने सोडावा, दोन्ही बाजूंनी शिकंजा आवळून रात्रभर ठेवावे आणि वर आलेला फुगवटा नंतर घासून काढावा. तिथेच पुन्हा स्क्रू पिळू नयेत. मागची फळी सरसाने धरलेली असेल तर स्क्रूंची गरजही उरत नाही. उघड्या कडांना रंगाआधी चपड्याचे (लाखेच्या पॉलिशचे) दोन हात द्या, अन्यथा पावसाळ्यात त्या ओल शोषून पुन्हा फुगतील. एमडीएफ घासताना मास्क अवश्य लावावा.

सर्व झाल्यावर गळती तपासा. वूफर बसवून पोर्ट चिकटपट्टीने बंद करा आणि वूफरचा कोन (समोरचा शंकूसारखा पडदा) चारही बोटांनी सारखा दाबून सोडा. तो सावकाश परतला तर खोके हवाबंद आहे. झटकन परतला तर कमी वारंवारतेचा स्वर वाजवून जोडांजवळून उदबत्ती फिरवा, गळतीच्या जागी धूर थरथरतो.

मूळ प्रश्नकर्ता

दोघांचेही मनःपूर्वक आभार. दोन्ही खोकी सारखी राहावीत म्हणून चांगल्या खोक्यातही कडे बसवावे का?

प्रतिसाद 1

नाही. कडे जेमतेम 0.14 लिटर जागा व्यापते. तेवढ्यासाठी चोख झालेल्या खोक्याला हात लावू नका.