ज्याला विश्वास घरातूनच मिळाला, त्याने साक्ष कशाची द्यावी?

नवापूरकर
सर्वांना जय ख्रिस्त. आमच्या मंडळीत (चर्चमध्ये) दर रविवारी उपदेशापूर्वी साक्षीसाठी, म्हणजे देवाने आपल्या आयुष्यात काय केले ते सभेपुढे सांगण्यासाठी, काही वेळ राखून ठेवलेला असतो. ऊसतोडीसाठी गुजरातेत गेलेली कुटुंबे उन्हाळ्यात परतली, की त्यांच्या साक्षी आमच्या मावची बोलीत आणि भरभरून होतात: फडावर मूल तापाने फणफणले, मुकादमाने उचल कापून घेतली, रात्री खोपीत प्रार्थना केली. ज्येष्ठांच्या साक्षींत दारू सुटल्याचे आणि आजारातून उठल्याचे अनुभव असतात. माझी अडचण वेगळी आहे. विश्वास माझ्या आजीने स्वीकारला. मी शब्बाथ शाळेतच, म्हणजे मंडळीच्या मुलांसाठीच्या धर्मवर्गातच, वाढलो. माझ्या आयुष्याला ‘आधी’ आणि ‘नंतर’ असे दोन भाग नाहीत. तरुण संघातील एका मुलाने मागे साक्ष देताना आपण व्यसनी होतो असे सांगितले. त्याने दारूला कधी हातही लावलेला नाही, हे आम्हा सर्वांना ठाऊक होते. तेव्हापासून पाळकसाहेबांनी माझे नाव पुकारले, की मी खाली पाहतो. अशा माणसाने साक्ष द्यावी का, आणि दिली तर कशाची?

अमळनेरचा निवृत्त शिक्षक
आपण ज्या प्रश्नाने अस्वस्थ आहात, त्यावर एक अख्खा समाज अडला होता. सतराव्या शतकात अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्समध्ये इंग्लंडहून येऊन वसलेल्या प्युरिटन (कडव्या प्रॉटेस्टंट) मंडळ्यांनी पूर्ण सभासदत्वासाठी स्वतःच्या परिवर्तनाची हकीकत सभेपुढे सांगण्याची अट घातली. पहिल्या पिढीला ते जमले. पण त्यांच्या मुलांना, विश्वासाच्या घरातच वाढल्यामुळे, सांगण्याजोगा तसा प्रसंग सापडेना, आणि मग त्या मुलांच्या मुलांचा बाप्तिस्मा करावा की नाही, हा पेच उभा राहिला. अखेर 1662 मध्ये त्यांना अर्धवट सभासदत्वाची तडजोड स्वीकारावी लागली: अशी हकीकत नसलेल्यांच्या मुलांचाही बाप्तिस्मा होऊ लागला, पण पूर्ण सभासदत्वाची अट कायम राहिली. माझ्या मते चूक मुलांची नव्हती. एकाच घाटाची गोष्ट सर्वांकडून मागण्यात ती होती.

आपल्याकडचे उदाहरण पंडिता रमाबाईंचे आहे. त्यांचा बाप्तिस्मा 1883 मध्ये इंग्लंडमध्ये झाला. परंतु आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, ख्रिस्त मिळाला नव्हता, हे त्यांना पुढे 1891 च्या सुमारास उमगले, आणि 1907 च्या आपल्या साक्षीत त्यांनी ते मोकळेपणाने लिहिले. एवढ्या नामवंत बाईंना मधली आठ वर्षे झाकून एक चकचकीत प्रसंग रचता आला असता. त्यांनी तो रचला नाही, म्हणून ती साक्ष आजही वाचावीशी वाटते.

आणि बायबलमधील तीमथ्याला, प्रेषित पौलाच्या तरुण सहकाऱ्याला, विसरू नका. त्याच्या ठायी असलेला विश्वास आधी त्याची आजी लोईस हिच्या आणि आई युनीके हिच्या ठायी होता, असे पौल त्याला लिहितो. तीमथ्य आपल्यासारखाच तिसऱ्या पिढीचा होता.

भुसावळची ताई
सरांचे म्हणणे मान्य आहे. पण त्या मुलाला केवळ खोटारडा ठरवू नये. आपण टाळ्या आणि ‘हालेलुया’ कोणत्या साक्षीला देतो, हे तो लहानपणापासून पाहत आला आहे. मोठा आजार, मोठे पाप, मोठी सुटका एवढ्यालाच दाद मिळत असेल, तर गोष्ट वाढवून सांगण्याची सवय मंडळीच लावते.

मला आणखी एक गोष्ट खटकते. साक्ष सांगणाऱ्याची असली, तरी तिच्यात इतर माणसेही असतात. एका बहिणीने आपल्या नवऱ्याच्या व्यसनाविषयी सभेत सांगितले, कोणीतरी मोबाईलवर चित्रीकरण केले, आणि दोन दिवसांत ते सासरच्या व्हॉट्सअ‍ॅप गटात पोहोचले. ती पुन्हा बोलायला उभी राहिली नाही. अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये सुरू झालेल्या मेथडिस्ट या ख्रिस्ती चळवळीत साधारण बारा जणांचे वर्ग असत आणि तेथे दर आठवड्याला एकमेकांच्या आत्मिक स्थितीची विचारपूस होई. (गंमत अशी, की 1742 मध्ये ब्रिस्टलच्या प्रार्थनागृहाचे कर्ज फेडण्यासाठी दर आठवड्याला माणशी एक पेनी गोळा करण्याच्या व्यवस्थेतून ते वर्ग निघाले.) काही साक्षी अशा बारा जणांत, फोन बाजूला ठेवून सांगण्याच्या असतात.

शहाद्याचा वाचक
थोडेसेच लिहितो. आमच्याकडे लोक साक्षीची सुरुवात पुस्तकी मराठीत करतात, ‘प्रभूने माझ्या जीवनात महान कार्य केले’ वगैरे, आणि तेथपर्यंत कोणी फारसे ऐकत नाही. मग बोलणारा नकळत अहिराणीवर येतो आणि सभा मान वर करते. आपणही बोलाल तेव्हा घरच्या बोलीत बोला. त्या बोलीत, आपल्याला ओळखणाऱ्या लोकांसमोर, वाढवून सांगणे अवघड जाते.

नवापूरकर
सर्वांचे आभार. तीमथ्याचे ते वचन मी अनेकदा वाचले होते. त्यात स्वतःला कधी पाहिले नव्हते. ताईंचे म्हणणे मी पाळकसाहेबांच्या कानावर घातले आणि साक्षीच्या वेळी चित्रीकरण करू नये, हे त्यांनी मान्य केले. माझ्यापुरते म्हणाल, तर आजीला वाचता येत नसे. रोज संध्याकाळी ती माझ्याकडून एक स्तोत्र वाचून घ्यायची आणि मी कंटाळून ओळी गाळल्या, की लगेच पकडायची, कारण तिला ती पाठ होती. येत्या रविवारी एवढेच सांगणार आहे, मावचीत.