बाजाररस्त्याचे काँक्रीटीकरण: एक बाजू चालू ठेवावी की टप्प्याटप्प्याने पूर्ण बंद करावा?

बाजारओळ (यवतमाळ जिल्हा) यांचा प्रश्न

आमच्या तालुक्याच्या गावी बसस्थानक ते मुख्य चौक या सुमारे 600 मीटरच्या बाजाररस्त्याचे काँक्रीटीकरण मंजूर झाले असून, त्याच कामात दोन्ही बाजूंच्या नाल्या आणि जुनी जलवाहिनीही बदलली जाणार आहे. खोदकाम मार्चमध्ये सुरू होईल, असे सांगण्यात येते. दुकानांच्या ओट्यापासून ओट्यापर्यंत रस्त्याची रुंदी जेमतेम 8 मीटर भरते. एसटी, शाळेच्या मुली आणि बाजार समितीकडे जाणाऱ्या कापसाच्या गाड्या याच रस्त्याने जातात, आणि गुरुवारी आठवडी बाजारही याच्याच कडेला बसतो. बायपास नाही. कापसाच्या जिनिंग कारखान्यामागून एक रस्ता आहे, परंतु त्यावरच्या नाल्याला रपटा (पुरात पाण्याखाली जाणारा ठेंगणा पूल) असून समोरासमोर आलेली दोन मोठी वाहने तेथून निघू शकत नाहीत.

मुख्याधिकाऱ्यांनी व्यापारी मंडळाकडे लेखी सूचना मागितल्या आहेत. बहुतेक दुकानदारांचा आग्रह असा की, एक बाजू खोदावी आणि दुसरी चालू ठेवावी, म्हणजे गिऱ्हाईक तुटणार नाही. मला स्वतःला हे पटत नाही, पण विरोध कोणत्या आधारावर करावा हेही नीट कळत नाही. अशी कामे ज्यांनी जवळून पाहिली वा केली आहेत, त्यांनी मार्गदर्शन करावे.

निवृत्त शाखा अभियंता (वर्धा) यांचे उत्तर

आपली शंका रास्त आहे. 8 मीटरचा अर्धा भाग 4 मीटर होतो आणि त्यातून खोदलेल्या कडेपासून राखायचे अंतर व कठडे वजा केले की, वाहनाला 3 मीटरच्या आसपास जागा उरते. बसची रुंदी 2.6 मीटरपर्यंत असू शकते. म्हणजे बस आली की पायी माणसाने ओट्यावर चढायचे, आणि समोरून बंडी आली तर दोघांपैकी एकाने मागे जायचे. बैल मागे जात नाहीत, हे आपल्या भागात कोणाला सांगण्याची गरज नाही.

तरीही रुंदीपेक्षा दिवसांचा प्रश्न मोठा आहे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या विनिर्देशांप्रमाणे काँक्रीट ओतल्यापासून 28 दिवस त्यावर वाहने सोडायची नसतात. रस्ता अर्धा-अर्धा केला तर प्रत्येक दुकानासमोर हे 28 दिवस दोनदा येतात, खोदकाम आणि नालीचे दिवस वेगळेच. त्यापेक्षा दोन आडव्या गल्ल्यांमधला तुकडा पूर्ण बंद करावा, तेथील जलवाहिनी, नाली, खालचा थर आणि काँक्रीट हे सर्व सलग उरकावे, आणि मगच पुढचा तुकडा खोदावा, असे माझे मत आहे. गिऱ्हाईक आडव्या गल्लीतून पायी आत येऊ शकते. जेथे आडवे रस्ते बाजाररस्त्याला मिळतात, तेवढ्या जागी काँक्रीटऐवजी पेव्हर ब्लॉक बसवावेत, कारण ते दाबून सांधे भरले की वाहने लगेच सोडता येतात. एवढ्या एका बदलाने गावाचे दोन भाग एकमेकांपासून तुटत नाहीत.

आता वेळापत्रक. मार्चच्या मध्यापर्यंत कापसाची मोठी आवक ओसरते. मेच्या अखेरीपासून शेतकरी बियाणे आणि खतासाठी कृषी केंद्रांवर गर्दी करतात, कारण मृग 7-8 जूनच्या सुमारास लागतो. पाऊस सुरू झाला की रपट्यावरून पाणी जाईल आणि पर्यायी रस्ताच राहणार नाही. म्हणजे हाताशी दोन ते अडीच महिने उरतात, आणि त्यात 28 दिवसांचा हिशेब धरता 600 मीटरचे काम बसत नाही. एकाच उन्हाळ्यात सर्व पूर्ण करू, असे आश्वासन कोणी देत असेल तर त्याच्याकडून तुकडानिहाय तारखा लेखी घ्याव्यात. दोन उन्हाळ्यांत निम्म्या-निम्म्या लांबीचा रस्ता करणे मला अधिक प्रामाणिक वाटते. आपल्याकडील मे महिन्यात ओतकाम रात्री वा पहाटेच व्हावे, आणि ओल्या पोत्यांनी क्युरिंग करण्यासाठी (काँक्रीट ओले ठेवण्यासाठी) टँकरची सोय कंत्राटदाराने आधी दाखवावी, अन्यथा पिण्याच्या पाण्यावरूनच वाद होईल.

पर्यायी रस्त्याचे काम मात्र पहिला खड्डा पडण्यापूर्वीच झाले पाहिजे. रपट्याच्या दोन्ही बाजूंना मुरूम टाकून वाहन थांबण्याइतकी जागा करावी, दोन्ही टोकांना झेंडीवाले ठेवून वाहने आळीपाळीने सोडावीत आणि जड ट्रक केवळ रात्री येऊ द्यावेत.

तालुका न्यायालयातील वकील (अमरावती जिल्हा) यांचे उत्तर

कंत्राटदाराने दोन ड्रम आडवे लावले म्हणजे रस्ता कायदेशीररीत्या बंद झाला, असे होत नाही. मोटार वाहन अधिनियम, 1988 च्या कलम 115 प्रमाणे वाहनांवर निर्बंध घालण्याचा अधिकार राज्य शासनाला वा शासनाने अधिकृत केलेल्या प्राधिकाऱ्याला आहे. निर्बंध एक महिन्यापेक्षा अधिक काळाचे नसतील तर राजपत्रातील प्रसिद्धी आवश्यक नसते, परंतु स्थानिक प्रसिद्धी द्यावीच लागते. त्यामुळे प्रत्येक तुकड्यासाठी तारखांसह आदेश मागावा आणि त्याची प्रत ठाणेदार, आगार व्यवस्थापक व रुग्णवाहिका सेवेपर्यंत पोहोचली की नाही, हे मंडळाने स्वतः पाहावे.

आठवडी बाजाराबाबत अधिक सावध राहावे. पथविक्रेता अधिनियम, 2014 च्या कलम 18 नुसार विक्रेत्याला हलवण्यापूर्वी 30 दिवसांची नोटीस द्यावी लागते. पक्क्या दुकानदारांचे मंडळ अशा वेळी हातगाडीवाल्यांना आणि भाजीवाल्या बायांना गृहीत धरते, हे मी अनेकदा पाहिले आहे. नगर पथविक्रेता समितीची बैठक आत्ताच बोलवावी, कारण मार्चमध्ये काम सुरू व्हायचे असेल तर तीस दिवस फारसे नाहीत.

कन्या शाळेतील शिक्षिका (चंद्रपूर जिल्हा) यांचे उत्तर

वरील चर्चेत वाहनांचा विचार झाला, पायी माणसाचा फारसा झालेला नाही. नालीचे खोदकाम उघडे असताना दुकानात वा घरात जाण्यासाठी एक फळी टाकली जाते आणि तिच्यावरून वृद्धांनी, गरोदर स्त्रियांनी व सायकल धरलेल्या मुलींनी तोल सांभाळत जावे, अशी अपेक्षा असते. दोन्ही बाजूंना कठडा असलेले, किमान दोन माणसे शेजारून जातील एवढे रुंद साकव ठरावीक अंतरावर असावेत, असे निविदेच्या अटींत नसेल तर सूचनेत घालावे. कडेला बांधलेली प्लास्टिकची फीत म्हणजे कठडा नव्हे. भारतीय रस्ते काँग्रेसची रस्तेकामाच्या जागेवरील वाहतुकीसाठी आयआरसी एसपी 55 ही मार्गदर्शक तत्त्वे आहेत. त्यांत आगाऊ सूचनाफलक, कठडे आणि रात्रीचे दिवे यांचा विचार केलेला आहे. दिवे बॅटरीवर चालणारे असावेत, कारण वीज गेल्यावर त्यांची सर्वाधिक गरज पडते.

बाजारओळ

सर्वांचे आभार. तुकड्यांची कल्पना मंडळापुढे मांडतो. गुरुवारचा बाजार तात्पुरता बाजार समितीच्या आवारात नेता येईल का, हा प्रश्न उरतो. मार्चनंतर तेथे जागा मोकळी असते, पण ते बसस्थानकापासून दूर आहे. दुसरे म्हणजे, नव्या रस्त्याची उंची वाढून पावसाचे पाणी दुकानात येईल, अशी भीती अनेकांना वाटते.

निवृत्त शाखा अभियंता (वर्धा)

आवार चालेल, मात्र गुरुवारी सकाळी खेड्यांवरून येणाऱ्या एसटीला त्याच्या फाटकाशी थांबा द्यावा, असे आगाराकडून लेखी घ्यावे. डोक्यावर टोपले घेऊन बसस्थानकापासून चालत जाणे जमले नाही, तर बाया वाटेत जागा दिसेल तेथे बसतील आणि आपला पर्यायी रस्ताच अडेल.

उंचीची भीती निराधार नाही; नागपुरात सिमेंट रस्त्यांमुळे घरांत पाणी शिरल्याच्या तक्रारी झालेल्या आहेत. जुना डांबरी थर खरवडून काढणे आणि नव्या रस्त्याची पातळी ओट्यांखाली ठेवणे, ही अट आराखड्यात आहे का, ते पाहावे. खोदकामापूर्वी प्रत्येक दुकानाच्या ओट्याची पातळी नगरपरिषदेच्या अभियंत्यासमोर मोजून घ्यावी आणि त्या नोंदीवर दुकानदाराची व कंत्राटदाराची सही असावी.