हिटलर, मुसोलिनी आणि जपान : दोस्ती कसली, वाटणीचा करार!

माहुलीकर (सातारा)
परवा साताऱ्यात एका व्याख्यानाला गेलो होतो. वक्त्यांनी दीड तास एकच सूर लावला : लष्करशाही देशांचे विचार जुळतात, म्हणून युद्धाआधी ते आपसूक एकत्र येतात. टाळ्या भरपूर पडल्या. मला पटलं नाही, म्हणून हा धागा.

जुलै 1934 घ्या. नाझींनी ऑस्ट्रियाचा चान्सलर डॉलफुस याचा खून केला, तेव्हा ऑस्ट्रिया-इटली सीमेवरच्या ब्रेनर खिंडीकडे फौज कुणी हलवली? मुसोलिनीनं. एप्रिल 1935 मध्ये इटलीतल्या स्ट्रेसाला ब्रिटन-फ्रान्सच्या पंगतीला बसून जर्मनीला दम कोण देत होता? तोच. दोघांनाही गणवेशाचा आणि संचलनाचा सारखाच सोस, तरी एकमेकांच्या उरावर बसलेले. मग ऑक्टोबर 1935 मध्ये यानं इथिओपियावर चाल केली, राष्ट्रसंघानं निर्बंध लावले आणि एकटं पडल्यावर गड्याला बर्लिन आठवलं. 1 नोव्हेंबर 1936 ला मिलानच्या भाषणात रोम-बर्लिन 'अक्ष', म्हणजे दोघांच्या जवळिकीचं नाव, आला. मार्च 1938 मध्ये हिटलरनं तोच ऑस्ट्रिया गिळला, तर हा गप्प. चार वर्षांत विचार बदलले होते का? गरज बदलली होती.

विटेकर
मग सरळ म्हणा की, ब्रिटन-फ्रान्सनंच त्याला हिटलरच्या दारात नेऊन सोडला. निर्बंध लावले, पण तेल वगळलं. सुएझ उघडा ठेवला, इटलीची जहाजं फौज घेऊन आरामात जात होती. धड शत्रू केला नाही, धड मित्र ठेवला नाही.

कृष्णाकाठ (कराड)
विटेकर, हे फार सोयीचं झालं. इथिओपियावर विषारी वायू कुणी सोडला? ब्रिटननं? ज्याला साम्राज्यच हवं होतं, तो आज ना उद्या त्याच टोळक्यात जाणार होता. निर्बंध नुसतं निमित्त.

तासगावकर
युरोपात कशाला जाता, आमच्या तासगावचंच उदाहरण घ्या. 1790 मध्ये पुणे, निजाम आणि इंग्रज यांनी टिपूविरुद्ध तह केला. परशुरामभाऊ पटवर्धन फौज घेऊन धारवाडला बसले, सोबत इंग्रजांची एक छोटी तुकडी. किल्ला हाती यायला 1791 चा एप्रिल उजाडला. 1792 ला श्रीरंगपट्टणच्या तहात टिपूचा निम्मा मुलूख गेला आणि त्याची तिघांत वाटणी झाली. झालं, वाटणी संपली, मैत्रीही संपली. 1795 ला खर्ड्याला तेच परशुरामभाऊ त्याच निजामावर चालून गेले. निजामानं इंग्रजांकडे मदत मागितली, गव्हर्नर जनरल सर जॉन शोअर यांनी हात झटकले. माहुलीकरांना माझं अनुमोदन.

कृष्णाकाठ (कराड)
तासगावकर, उदाहरण झकास आहे, पण ते तिघं एकाच शत्रूच्या सीमेला लागून होते. टोकियो आणि बर्लिन यांच्यामध्ये अख्खा रशिया पडलेला. तिथं कुठली जमीन वाटायची होती?

माहुलीकर (सातारा)
बरं झालं जपान काढलात. 25 नोव्हेंबर 1936 ला जर्मनी आणि जपाननं साम्यवादविरोधी करार केला. विचार जुळले म्हणायचे ना? 1939 च्या उन्हाळ्यात जपान मंगोलियाच्या सीमेवर खाल्खिन गोलला सोव्हिएत रणगाड्यांखाली चिरडला जात होता आणि ऐन तेव्हा, 23 ऑगस्टला, हिटलरनं स्टालिनशी करार करून टाकला. जपानला पत्ताच नाही! त्या धक्क्यानं जपानचे पंतप्रधान हिरानुमा यांचं मंत्रिमंडळ गेलं. पुढं जपाननंही उट्टं काढलं. एप्रिल 1941 मध्ये रशियाशी तटस्थतेचा करार केला, आणि जूनमध्ये जर्मनी रशियात घुसली तरी तो मोडला नाही. एकाच वेळी दोन्हीकडून घाव बसला असता तर मॉस्कोचं काय झालं असतं, विचार करा.

इटलीची तऱ्हा याहून न्यारी. 22 मे 1939 ला जर्मनीशी लष्करी मैत्रीचा 'पोलादी करार' केला. ऑगस्टअखेर युद्ध दारात आलं, तर हिटलरकडे कोळसा, पोलाद, तेल अशी सुमारे 1 कोटी 70 लाख टन मालाची यादी धाडली. देता येणार नाही हे ठाऊक असूनच मागितलं. मग बसली घरी, 10 जून 1940 पर्यंत. फ्रान्स पडतोय हे दिसल्यावर वाटणीला हजर!

विटेकर
हे त्यांचं जुनंच. 1882 च्या त्रिराष्ट्र करारात जर्मनी-ऑस्ट्रियासोबत इटली होतीच, आणि मे 1915 मध्ये त्याच ऑस्ट्रियावर युद्ध पुकारलं.

कृष्णाकाठ (कराड)
सगळं मान्य. पण करार पोकळ होता म्हणून निरुपद्रवी होता असं कोण म्हणेल? जुलै 1914 मध्ये बर्लिननं व्हिएन्नाला 'काय हवं ते करा, आम्ही मागं आहोत' असा शब्द दिला, त्या भरवशावर सर्बियाला खलिता गेला. पाठीवर हात असला की घाबरटालाही जोर येतो. आणि डिसेंबर 1941? पर्ल हार्बरवर हल्ला जपाननं केला होता. 1940 चा जर्मनी-इटली-जपान यांचा त्रिपक्षीय करार सभासदावर हल्ला झाला तरच मदतीला बांधील होता. हिटलर सुटू शकत होता. तरी 11 तारखेला त्यानं अमेरिकेवर युद्ध पुकारलं. यात सौदा कुठं दिसतो?

अपशिंग्याचा पोरगा
तुमी सगळे करार-बिरार बोलताय. आमच्या गावाला मिलिटरी अपशिंगं म्हणत्यात. तिकडच्या करारात आमी कुठं व्हतो? 3 सप्टेंबर 1939 ला व्हाइसरॉयनं परस्पर सांगून टाकलं, हिंदुस्थान युद्धात हाय. कुणाला इचारलं न्हाई. तरी मराठा पलटणीची पोरं इटलीत लढली, यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव यांना तिथंच व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. घाडगे तर त्याच लढाईत पडले.

माहुलीकर (सातारा)
दादा, तुमचा मुद्दा खरा आहे, त्याला वेगळा धागा हवा. तुम्हीच काढा, मी येतो.
कृष्णाकाठ, 1941 ला हिटलरला अटलांटिकमध्ये अमेरिकेच्या जहाजांवर मोकळा हात हवा होता. जपानच्या प्रेमाखातर नाही. आणि विचारांचीच ओढ असेल तर स्पेनच्या हुकूमशहा फ्रँकोचं काय? तिथली यादवी हिटलर-मुसोलिनीच्या विमानांवर जिंकला. ऑक्टोबर 1940 मध्ये फ्रान्स-स्पेन सीमेवरच्या आंदायला हिटलर स्वतः भेटायला गेला, तर यानं मोरोक्को मागितला, धान्य मागितलं. भाव पटला नाही, युद्धात उतरला नाही.

कृष्णाकाठ (कराड)
युद्धात उतरला नाही, पण 1941 मध्ये रशियात लढायला स्पेनची 'निळी डिव्हिजन' पाठवली की. मोरोक्को न मिळताच. ती कुठल्या भावात बसवता?