वय वंदना कार्ड असताना आईसाठी वेगळा विमा घ्यावा का?

प्रश्न (नाशिकरोड): आई ७३ वर्षांची असून तिला मधुमेह आहे. तिच्या आयुष्मान वय वंदना कार्डावर (७० वर्षे व त्यावरील ज्येष्ठांसाठीची सरकारी आरोग्य योजना) वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार होतात. त्यावर ५ लाख वजावटीचा सुपर टॉप-अप (वर्षातील बिले ५ लाखांपुढे गेल्यावर वरचा खर्च देणारा विमा) पुरेसा आहे, असे एजंट सांगतात. ते योग्य आहे का?

उत्तर १: हे गणित मला पटत नाही. कार्ड केवळ योजनेशी संलग्न रुग्णालयांत चालते. त्यामुळे गंगापूर रोडवरील तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांचे रुग्णालय यादीत नसेल, तर बिलातील पहिले ५ लाख तुमच्याच खिशातून जातील आणि सुपर टॉप-अप त्यानंतर सुरू होईल. आधी यादी पाहावी. परवडल्यास सुरुवातीच्या खर्चासाठी लहान रकमेची मूळ पॉलिसी घ्यावी. एजंट काहीही म्हणोत, प्रस्तावात मधुमेह लिहावाच. जुन्या आजारांसाठी खासगी पॉलिसीत ३ वर्षांपर्यंत प्रतीक्षा काळ (त्या आजाराचा खर्च न मिळण्याचा काळ) असू शकतो. वय वंदनात तो नाही.

उत्तर २: सहमत. सह-देयकाची अटही वाचावी, कारण ज्येष्ठांच्या अनेक पॉलिसींत प्रत्येक दाव्याचा ठरावीक हिस्सा आपणच भरायचा असतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्याच्या हप्त्यावर जीएसटी लागत नाही, तेवढाच दिलासा.

उत्तर ३: देवळालीकडील माजी सैनिकांच्या कुटुंबांसाठी : ईसीएचएस (माजी सैनिकांची आरोग्य योजना) आणि वय वंदना यांपैकी एकाचीच निवड करता येते.