संथ आहे म्हणूनच आवडली

'फिअर द वॉकिंग डेड' ही टीव्ही मालिका फार संथ आहे, झोम्बी (चालती-फिरती प्रेतं) दिसतच नाहीत, ही बऱ्याच जणांची तक्रार मला अजिबात पटत नाही. मूळ मालिकेत, म्हणजे 'द वॉकिंग डेड'मध्ये, नायक रिक कोमातून जागा होतो तेव्हा सगळं संपलेलं असतं. जग कोसळलं कसं, ते पाहायला मिळालंच नव्हतं. २०१५ ची ही मालिका लॉस एंजेलिसमध्ये नेमकं तेच दाखवते. शाळेत चाकू घेऊन आलेला टोबायस आठवा. ही साथ सगळीकडे पसरतेय असं तो मॅडिसनला जीव तोडून सांगतो आणि ती, समुपदेशक असूनही, पोरगं इंटरनेटवर काहीबाही वाचून घाबरलंय असं धरून चालते. मॅडिसनच्या व्यसनी मुलाने, निकने, चर्चमध्ये जे पाहिलं तेही आधी नशेतला भास ठरतं. खरी भीती या न ऐकण्यात आहे. तिथे झोम्बींची फौज आणली असती तर सगळा परिणाम वाया गेला असता.

माझा राग वेगळ्याच गोष्टीवर आहे. तिसऱ्या भागाच्या शेवटी लष्कर येतं आणि चौथा भाग थेट काही दिवस पुढे उडी मारतो. शहर पडतानाचे तेच तर दिवस पाहायचे होते! पहिल्या सीझनला सहाच भाग दिले, तिथेच घात झाला.